अस्तराची राखण

इंदूरहून देपालपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हातोद लागतं. काळी माती, सोयाबीन, गहू, लसूण. तिथे माझी आत्या राहते. दर उन्हाळ्यात तिच्या गच्चीवर एक जुनी सुती साडी अंथरलेली असते. तिच्या एका टोकाला कुरडया वाळत असतात, दुसऱ्या टोकाला कच्च्या केळ्यांच्या पातळ चकत्या. केळी येतात बऱ्हाणपूरकडची. सालं काढून विळीवर चिरलेल्या चकत्या आधी पांढऱ्याशुभ्र असतात, तासाभरात तपकिरी पडू लागतात, आणि दोन कडक उन्हं खाल्ली की नखाने मोडतात. मग मिक्सरमधून पूड, चाळण, काचेची बरणी. सकाळी ताकातून एक चमचा. ‘पोटाला आतून अस्तर लागतं,’ असं आत्या म्हणते. तिला हे तिच्या सासूबाईंनी सांगितलं होतं.

आत्याचा हा एकच शब्द, ‘अस्तर’, या प्रकरणाचा विषय आहे. पोटातल्या जखमेवरच्या औषधांबद्दल आपण बोलतो तेव्हा जवळजवळ नेहमी आम्लाबद्दल बोलतो: आम्ल वाढलं, आम्ल मारलं, पित्त उसळलं. बऱ्याच वनस्पतींचं खरं काम मात्र दुसऱ्याच बाजूला, भिंतीच्या बाजूला आहे, आणि तिकडे आपलं लक्ष फार कमी जातं.

जठरात पाझरणारं हायड्रोक्लोरिक आम्ल एवढं तीव्र असतं की त्याचा सामू दीड-दोनपर्यंत उतरतो. जोडीला पेप्सिन, म्हणजे मांस पचवणारं विकर. खाल्लेलं मटण जिथे विरघळतं, तिथे जठर स्वतः, तेही मांसाचंच असून, का विरघळत नाही? कारण त्याच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचा, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रवाचा, थर असतो. मिलिमीटरच्या अंशाएवढाच, पण त्यात खालच्या पेशी सतत बायकार्बोनेट सोडत असतात. म्हणून पोकळीत सामू दोन असताना, थराच्या तळाशी पेशीला खेटून तो जवळपास सातच्या घरात राहतो. पेशी झिजल्या की तीन ते पाच दिवसांत नव्या येतात. खालून रक्ताचा पुरवठा सुरू असतो, आत झिरपलेलं आम्ल तो वाहून नेतो. या सगळ्या राखणीला हुकूम देणारे रेणू म्हणजे प्रोस्टाग्लँडिन्स. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं की अ‍ॅस्पिरिन शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स तयार होऊच देत नाही. दुखणं त्यामुळेच थांबतं, आणि पोटाची राखणही त्यामुळेच उठते. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी पोटात भोक कसं पाडते, ते यावरून कळतं.

वैद्यकाने आम्लाची बाजू पकडली आणि तिथे मोठा विजय मिळवला. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडीन 1976 मध्ये बाजारात आलं, पुढे ओमेप्राझोल आलं, आणि पोट कापून आम्लाच्या नसा तोडण्याच्या शस्त्रक्रिया जवळजवळ बंद झाल्या. त्याआधीच्या पिढीतल्या सर्जनांकडे अल्सरचे रुग्ण रांगेने यायचे. आज ती रांग नाही, याचं श्रेय त्या गोळ्यांना आहे. वनस्पतींची बाजू घेताना हे विसरून चालणार नाही.

आता केळ्याकडे. ए. के. सन्याल यांनी 1960 च्या दशकात केळ्याची पूड आणि प्राण्यांमधले अल्सर यावर काम सुरू केलं. 1986 मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातून आर. के. गोयल, सन्याल आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्पिरिन, इंडोमेथॅसिन, प्रेडनिसोलोन अशा औषधांनी उंदरांच्या पोटात जखमा केल्या, आणि केळ्याच्या पुडीने त्या कमी झाल्या. त्यांनी पुढे जाऊन अस्तराची जाडी मोजली: ती वाढली होती. नव्या पेशींमध्ये डीएनए किती तयार होतंय, तेही मोजलं: तेही वाढलेलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, 1984 मध्ये, इंग्लंडमध्ये बेस्ट, लुईस आणि नासर यांनी असंच काहीसं सांगितलं होतं. आम्लविरोधी औषधंही जखम टाळतात, पण केळं अस्तराची वाढच करतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे लुईस यांच्याच गटाने केळ्यातला एक कामाचा घटकही वेगळा काढला, ल्युकोसायनिडिन नावाचा फ्लॅव्होनॉइड.

म्हणजे आत्याच्या सासूबाईंचा शब्द तंतोतंत बरोबर होता. पण 1984 च्या इंग्लंडमधल्या निबंधात एक अट होती, आणि ती घराघरांत पोचलेली नाही: पिकलेल्या केळ्याचा उपयोग झाला नाही. शिवाय प्रयोगातलं केळं भाजीचं, पिठूळ जातीचं होतं. बऱ्हाणपूर-जळगाव पट्ट्यात आज मैलोन्मैल दिसतं ते मुख्यतः खाण्याचं, कॅव्हेंडिश कुळातलं केळं. नाव एक, झाड वेगळं, आणि घटकांचं प्रमाणही वेगळं. तरीही केळ्याचा मुद्दा उंदरांपाशी थांबला नाही. दिल्लीच्या एम्समधून 1990 मध्ये लॅन्सेटमध्ये एक पत्र प्रसिद्ध झालं: अल्सर नसलेल्या पण पोटदुखी-जळजळ असलेल्या 46 रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी. पूड घेणाऱ्यांपैकी पाऊण हिश्श्याला आराम पडला, न घेणाऱ्यांमध्ये पाचातल्या एकाला. चाचणी लहानच, पण माणसांवरची. त्यावर कोणी शे-दोनशे रुग्ण घेऊन पुढची चाचणी केली असती तर आज आपल्याकडे ठाम उत्तर असतं. केळं कोणाच्या पेटंटचं नाही, म्हणून खर्च करायला कोणी पुढे आलं नाही, असं मला वाटतं, आणि या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंदूरच्या चहूबाजूंना फार्मसीची कॉलेजं आहेत. तिथली एम. फार्म.ची मुलं दरवर्षी कोणती तरी वनस्पती घेऊन ‘अल्सररोधक गुण’ तपासतात. हे काम मी जवळून पाहिलं आहे. वाळवलेली मुळं किंवा पानं जाडसर कुटायची, कागदाच्या नळकांड्यात भरायची आणि सॉक्सलेटमध्ये ठेवायची. फ्रांझ फॉन सॉक्सलेट यांनी 1879 मध्ये दुधातली चरबी काढण्यासाठी केलेलं हे काचेचं उपकरण आजही तसंच वापरतात. खाली अल्कोहोल उकळतं, वाफ वर जाते, थंड होऊन थेंबाथेंबाने पुडीवर पडते, आणि तिथे द्रव पुरेसा साचला की तो एकदम गपकन खाली उतरतो. पहिल्या फेऱ्यांत उतरणारं द्रावण गडद हिरवं किंवा चहासारखं असतं, शेवटी रंगहीन होतं. ते आटवलं की तळाशी गुळाच्या काकवीसारखा चिकट गोळा राहतो. शंभर ग्रॅम मुळांतून दहा ग्रॅम मिळाला तरी मुलं खूश असतात.

मग पांढऱ्या उंदरांचे गट, बहुधा सहा-सहांचे. एकाला नुसतं पाणी, एकाला रॅनिटिडीन किंवा ओमेप्राझोल, बाकीच्यांना अर्क, किलोमागे 200 आणि 400 मिलिग्रॅम. प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी लागते. जखम करण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. हॅरी शे यांनी 1945 मध्ये फिलाडेल्फियात दाखवलेली पद्धत अशी: उंदराला भूल देऊन जठराचं खालचं तोंड दोऱ्याने बांधायचं, म्हणजे त्याचाच रस आत साचतो. दुसरी पद्धत म्हणजे निर्भेळ अल्कोहोल पाजायचं, तासाभरात अस्तर भाजतं. तिसरी, अ‍ॅस्पिरिन किंवा इंडोमेथॅसिन.

शेवटी जठर मोठ्या वक्रतेच्या बाजूने उघडतात, सलाइनने धुतात आणि थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून लावतात. भिंगातून बघितलं तर निरोगी अस्तर ओल्या गुलाबी मखमलीसारखं दिसतं, बारीक वळ्यांचं. अल्कोहोल दिलेल्या उंदरात त्यावर काळपट लाल पट्टे उठलेले असतात, जणू कोणी नखांनी ओरबाडलं आहे. मुलं ते मोजतात, लांबी-रुंदी लिहितात, गुण देतात. अर्क दिलेल्या उंदरात हे पट्टे कमी किंवा फिके. मग टक्केवारी, तक्ता, ‘लक्षणीय संरक्षण’ हे वाक्य, आणि प्रबंध पूर्ण.

या पद्धतीने तपासलेली जवळजवळ प्रत्येक वनस्पती पास होते: बेल, आवळा, कोरफड, शेवगा, हळद, तुळस, ब्राह्मी, डाळिंबाची साल. यादी संपत नाही, आणि माझी शंका इथूनच सुरू झाली. सगळेच विद्यार्थी पास होत असतील तर परीक्षेचा पेपर सोपा नाही ना, हे बघायला हवं.

तो सोपाच आहे. आंद्रे रॉबर्ट या शास्त्रज्ञाने 1979 मध्ये दाखवलं की आम्ल न रोखणाऱ्या मात्रेतही प्रोस्टाग्लँडिन्स निर्भेळ अल्कोहोलपासून अस्तर वाचवतात. ‘पेशीसंरक्षण’ ही कल्पना तिथून रुजली. 1983 मध्ये त्यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: आधी पातळ अल्कोहोल, पातळ आम्ल किंवा खारं पाणी दिलं, तरी नंतरच्या निर्भेळ अल्कोहोलपासून बचाव होतो! सौम्य चिमटा बसला की अस्तर सावध होतं आणि स्वतःच प्रोस्टाग्लँडिन्स सोडतं. म्हणजे उंदराला आधी जवळपास काहीही झोंबणारं पाजलं तरी तो वाचू शकतो. तुरट सालीतली टॅनिनं तर पृष्ठभागावरची प्रथिनं आवळून एक पापुद्राच करतात. अर्कात खास औषधी गुण होता, की तो नुसता तुरट आणि झोंबरा होता, हे अल्कोहोलच्या एका चाचणीवरून कळत नाही. म्हणून एखाद्या झाडाला अल्कोहोलच्या परीक्षेत 80 टक्के पडले असं वाचलं, की मी आधी बघतो: अस्तराची जाडी मोजली का? श्लेष्मा मोजला का? आधीच झालेली जखम भरते का, की फक्त टळते? बनारसच्या निबंधाचं मोल यामुळेच जास्त आहे.

दुसरा प्रश्न मात्रेचा. उंदराची मात्रा माणसाला लावताना किलोमागच्या आकड्याला 6.2 ने भागायची रीत आहे. 200 मिलिग्रॅमचे झाले साधारण 32. साठ किलोच्या माणसाला दोन ग्रॅमच्या आसपास अर्क. शंभराला दहा या हिशोबाने त्यासाठी वीस ग्रॅम वाळकं मूळ. 400 ची मात्रा धरली तर चाळीस. वैद्य चूर्ण देतात तीन-पाच ग्रॅम. तेव्हा ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असं लिहिलेल्या डबीतला चमचा आणि प्रयोगातली मात्रा यांत बरंच अंतर असू शकतं. हा हिशोब वाचकांनी पुढच्या वेळी पाकिटावर स्वतः करून बघावा.

झणझणीत मालवी शेव खाणाऱ्या इंदूरकरांना रॉबर्ट यांच्या शोधातून एक गोष्ट हवीहवीशी वाटेल. सिंगापूरला 1995 मध्ये 18 निरोगी लोकांना आधी वीस ग्रॅम मिरची पाण्याबरोबर दिली, अर्ध्या तासाने 600 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, आणि सहा तासांनी दुर्बिणीतून पोट बघितलं. मिरचीच्या दिवशी इजा कमी होती. दिल्लीत 1984 मध्ये ड्युओडेनल, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या, अल्सरच्या रुग्णांना जेवणात रोज तीन ग्रॅम मिरची दिली, तर जखम भरायला उशीर लागला नाही. तिखटाने अल्सर होतो हा आपला घट्ट समज. जळजळ तिखटाने होते हे खरंच, पण जळजळ आणि जखम या वेगळ्या गोष्टी आहेत.

माणसांवर खरोखर तपासलेल्या वनस्पती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत सर्वांत शिकवणारी गोष्ट ज्येष्ठमधाची. हॉलंडमधले डॉक्टर रेव्हर्स यांनी 1946 मध्ये लिहिलं की एका गावच्या औषधविक्रेत्याच्या ज्येष्ठमधाच्या मिश्रणाने रुग्णांचे अल्सर बरे होतात. त्याच निबंधात त्यांनी हेही लिहिलं की सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि घोट्यांवर सूज आली. ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिन या घटकापासून पुढे कार्बेनोक्सोलोन हे औषध झालं, आणि रिचर्ड डॉल यांनी 1962 मध्ये त्याची रीतसर चाचणी केली. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे हेच ते डॉल. जठराचे अल्सर खरंच लवकर भरले. पण सूज, वाढलेला रक्तदाब आणि पोटॅशियमची घट हे तिन्ही दोष औषधातही राहिले, कारण ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवतं. सिमेटिडीन आल्यावर कार्बेनोक्सोलोन मागे पडलं. घसा बसला म्हणून काडी चघळणं वेगळं आणि पोटासाठी रोज चमचा-चमचा महिनोन्महिने घेणं वेगळं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने हे दुसरं करू नये.

शतावरीचा एक छोटा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो आपल्या मुंबईचा आणि साधा आहे. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये, म्हणजे केईएममध्ये, दळवी, नाडकर्णी आणि गुप्ता यांनी आठ निरोगी स्वयंसेवकांना शतावरीच्या मुळांची पूड दिली आणि जठर किती वेळात रिकामं होतं ते मोजलं. 1990 मधला हा निबंध. उलटी-मळमळीवरच्या मेटोक्लोप्रमाइडशी तुलना केली तेव्हा शतावरी जवळपास तेवढ्याच वेगाने जठर रिकामं करत होती. संशोधकांनी अल्सर बरा होतो असा दावा केला नाही. एकच प्रश्न विचारला, माणसावर मोजला आणि आकडा दिला. कोलकात्यात 2004 मध्ये कडुनिंबाच्या सालीच्या अर्कावर असंच माणसांवर काम झालं. 30 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस, आणि आम्लाचं स्रवण 77 टक्क्यांनी उतरलं. म्हणजे कडुनिंबाची चाल अस्तरापेक्षा आम्लाच्या बाजूने. ‘वनस्पती’ हा एकच शब्द वापरून आपण किती वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो, ते यातून दिसतं.

जुन्या वैद्यांनी हा गोंधळ केला नव्हता. माधवनिदानात परिणामशूल आणि अन्नद्रवशूल अशी दोन दुखणी वेगळी सांगितली आहेत. अन्न पचताना उठणारी कळ वेगळी, आणि काही केल्या न थांबणारी, उलटी झाल्यावरच शमणारी कळ वेगळी. दुर्बिणीशिवाय, नुसतं रुग्णाला विचारून केलेला हा भेद आहे.

आहाराच्या अंगाने मुंबईतूनच आणखी एक धागा निघतो. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांच्यासमोर देशभरातून बदलीवर आलेले कर्मचारी असत. भात खाणाऱ्यांमध्ये अल्सर अधिक आणि पुन्हा पुन्हा, न चाळलेल्या गव्हाच्या पोळीवर वाढलेल्यांमध्ये कमी, असं त्यांनी नोंदवलं. म्हैसूरला काम केलेले सर्जन फ्रँक टोव्ही यांनी हीच रेघ पुढे नेली आणि कोणत्या धान्याच्या तेलात राखण आहे ते शोधत उंदरांवर गेले. त्यांच्या यादीत आपला हुलगा, म्हणजेच कुळीथ, होता. कुळथाचं पिठलं हे कोकणात आजारी माणसाचं जेवण आहे, हे त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

या सगळ्यावर 1982 मध्ये पर्थला एक मोठा पडदा उघडला. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना अल्सरच्या रुग्णांच्या जठरात वळणदार जिवाणू दिसले, हेलिकोबॅक्टर पायलोरी. 1984 मध्ये मार्शल यांनी ते जिवाणू स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. बहुतेक ड्युओडेनल अल्सरच्या मुळाशी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या, कधी दोन्ही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात तो असतो. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांच्या पोटात तो नसतो. म्हणून उंदरातला अर्क कितीही गुणी ठरला, तरी अल्सरचं एक मुख्य कारण त्या प्रयोगात हजरच नव्हतं.

आत्याची गोष्ट इथे सांगायला हवी. केळ्याची पूड ती नेमाने घेत होती, आणि गुडघ्यासाठी बाजारातून आणलेलं एक चूर्णही. ‘जडीबुटी आहे रे, गोळी नाही,’ असं ती म्हणायची. दोन दिवसांत आराम पडायचा. अशा चूर्णांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. दोन दिवसांत उतरणाऱ्या गुडघेदुखीचा संशय यायला हवा होता, तो मलाही आला नाही. एका सकाळी तिने फोनवर सांगितलं की चक्कर येते आहे, आणि शौचाला डांबरासारखं काळं होतंय. काळं, चिकट, उग्र वासाचं: हे पोटातल्या रक्ताचं लक्षण आहे, आणि अशा वेळी कुठलीही पूड, काढा, चूर्ण न घेता थेट दवाखाना गाठायचा असतो. आम्ही तिला इंदूरला नेलं.

दुर्बीण घातली तेव्हा लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम दिसली. डॉक्टरांनी जठराच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेऊन पिवळ्या जेलच्या खाचेत टाकला. आम्ही बघत उभे होतो. थोड्या वेळात कणीभोवती गुलाबी कडं उठलं आणि मग सगळी खाच गुलाबी झाली. जिवाणूचं विकर युरिया फोडून अमोनिया करतं, त्याने रंग बदलतो. चौदा दिवस दोन प्रतिजैविकं आणि आम्ल रोखणारी गोळी. चूर्णाची डबी मी उचलून आणली.

दीड महिन्याने तपासणीला गेली तेव्हा आत्याने डॉक्टरांना एकच विचारलं, केळ्याची पूड पुन्हा घेऊ का. ते म्हणाले, घ्या, पण दुखण्याची कुठलीही गोळी किंवा चूर्ण मला विचारल्याशिवाय नाही. यंदा साडी पुन्हा गच्चीवर अंथरली आहे. मी तिला सांगून भाजीची केळी आणवली. त्यांच्या चकत्या जरा जाड होतात, आणि वाळायला तीन उन्हं लागतात.